बोअर नंबर चौदा

पहाटे चार वाजून काहीतरी.
आधी हलली मांडणीवरची फुलपात्रं,
एकमेकांना टेकून, दबक्या आवाजात,
घरात पाहुणे झोपलेले असताना बायका बोलतात तशी.
मग पंख्याची दांडी.
मग ग्लासातल्या पाण्यात माझी कवळी.

मी म्हटलं, गोदीच्या रस्त्याने टँकर गेला असेल.
कूस बदलली तर बाजूचं अंथरूण रिकामं.
कुमुदिनी दाराच्या चौकटीखाली उभी,
पायात चपला, हातात माझा चष्मा.
"उठा," ती म्हणाली, "टँकर असा खालून येत नाही."

आठ सेकंद. फार तर नऊ.

वडाळ्याच्या आमच्या आवारात सगळी बी विंग उतरली.
सेक्रेटरी रेगे सोसायटीची फाइल छातीशी धरून.
ब्रिटोबाईंनी पिंजरा आणला होता,
पोपट जाऊन वर्ष झालं तरी.
पागधरे नवरा-बायको गॅस कोणी बंद केला यावर भांडत,
म्हणजे कोणीच केला नव्हता.
हवा दमट, नारळाचं एक झाड
काहीच न झाल्यासारखं उभं.
बेटावर राहतो हे आम्ही कधीच विसरलोय.
पिनकोडात बेट येत नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले.
चौतीस वर्षं मी या शहराला भोकं पाडली,
तिपाई, विंच, केसिंग पाइप,
मेणाने तोंड बंद केलेल्या मातीच्या नळ्या.
"काका, आपल्या बिल्डिंगखाली काय आहे?"

"खडक," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. खडक आहे. चौदा मीटरवर.
त्याच्या वरचं सांगितलं नाही.
बोअर नंबर चौदा, माझ्याच अक्षरात:
शून्य ते चार मीटर, भराव. विटांचे तुकडे, कोळशाची राख,
निळी वेल असलेला बशीचा टवका,
लहान मुलाच्या बुटाचा तळ.
चार ते अकरा, काळा मऊ चिखल. शिंपले.
(वासासाठी रकाना नव्हता.)
म्हणजे सात मीटर समुद्र,
जागा विकली गेली तरी उठून न गेलेला.
पुढे पिवळा मुरूम. मग तो खडक,
ज्याचं नाव ऐकून पागधरे भांडण मिटवून वर गेले.

लिफ्ट बंद होती.
दुसऱ्या मजल्यावर कुमुदिनी कठड्याला धरून थांबली.
"अर्धंच सांगितलंत."
"घाबरले असते लोक."
"आमचं घर खडकावर होतं," ती म्हणाली,
"कोयनेच्या अंगाला. पाया खणायला सुरुंग लावला होता,
आबा आल्या-गेल्याला सांगायचे.
सात वर्षांची होते मी. थंडी होती. अनवाणी पळाले.
खडकाला काही झालं नाही.
घर तेवढं खाली आलं."

मधूचं नाव तिने घेतलं नाही.
ते मला माहीत होतं, लग्नाच्या आधीपासून.
चपलांचं माहीत नव्हतं.
बेचाळीस वर्षं पलंगाखाली, टाचा भिंतीकडे,
तोंडं दाराकडे.
मला वाटायचं, फरशी गार लागते हिला.

वर आलो. फुलपात्रं गप्प,
जणू बोललीच नव्हती.
तिने चहा केला, कप जमिनीवर ठेवला
आणि न पिता चहाकडे बघत बसली.
"अजून आहे. बघा."
मी चष्मा पुसून वाकलो.
एक बारीक वर्तुळ, मधून कडेकडे
की कडेकडून मध्ये, ते ठरवेपर्यंत
रस्त्यावरून खरंच टँकर गेला.

ती हसली. दोघंही हसलो.
पण चपला तिने काढल्या नाहीत.
थोड्या वेळाने, ती पाहत नाहीसं बघून,
मी माझ्या शोधू लागलो.